साडूचे टायर

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

इसाको टायर घेतोय. मोठे! नवे कोरे! चार नाही — स्टेपनीसकट पाच!

बायकोने, गुमातोने, सकाळी चहाचा पेला पुढे ठेवला आणि वर ही बातमी वाढली. चहा तसाच राहिला. तिला तालासोने सांगितलं. तालासो म्हणजे तिची धाकटी बहीण, इसाकोची बायको. मित्र आपण निवडतो, गाडी आपण निवडतो. साडू मात्र सासरा निवडतो.

चोवीस वर्षं सैन्यात होता. गप्पा अशा मारतो की सरहद्द यानेच राखली! होता आचारी. निवृत्तीच्या पैशांतून दोन वर्षांपूर्वी पिकअप घेतली आणि ज्याने आयुष्यभर पळी चालवली तो आता आमच्या मैकोना गावापासून मार्साबिट शहरापर्यंत गाडी चालवतो. माझ्यासमोर. माझ्याच रस्त्यावर. मी एकवीस वर्षं इथे गाडी चालवतोय. त्यातली अकरा मिशनची. ही वहीसुद्धा मिशनच्या फादरांनी लावलेली सवय. एका बाजूने अंतरं लिहायची, दुसऱ्या बाजूने मनातलं. अंतरांची बाजू सगळ्यांना दाखवतो.

माझे मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झालेत, पोरांच्या टकलासारखे.

५ फेब्रुवारी, बुधवार

गुमातो म्हणाली, "आपलेही बदलायला हवेत ना?" 'ही' ऐकलं मी. ती नुसतं 'आपले बदलायला हवेत' असं म्हणाली असती तर चाललं असतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

इसाको स्वतः घरी आला. दारातच चपला काढल्या, खाली मान घालून बसला, दूध प्यायला. म्हणाला, "दादा, तुम्ही चला बरोबर मार्साबिटला. मला टायरमधलं काय कळतंय? मला कांदा कळतो."

हसलो. हसू आलंच! असा बोलला की राग धरून ठेवायला जागाच ठेवत नाही. हा त्याचा सगळ्यात वाईट गुण.

जातोय. शनिवारी.

९ फेब्रुवारी, रविवार

काल मार्साबिट. सगळं लिहून ठेवतो, कारण सांगणार कुणाला?

गुबोच्या दुकानात गेलो. गुबो बुर्जी जमातीचा, हाडाचा व्यापारी, तीस वर्षं टायरच विकतो, टायरवर बसून जेवतो. इसाको दुकानात शिरला आणि थेट सगळ्यात रुंद, सगळ्यात माजोरड्या टायरपाशी गेला. चिखलाचे होते ते — हाताएवढ्या खाचा, बघूनच माणसाला वाटावं की आता डोंगर चढतो. "दादा, हे?"

हो म्हणायचं होतं मला! अगदी जिभेवर आलं होतं. घेऊ दे ते. चाल्बीच्या वाळवंटात ते खोदत जातात, पहिल्याच दिवशी आसापर्यंत रुतला असता. पण तोंडातून निघालं, "हे मेरूच्या चहामळ्यातले टायर. आपल्याला खोदायचं नाही, तरंगायचंय."

मग मी सुटलोच. अंगातच आलं. बाजू दाबून बघितल्या — काळ्या दगडांनी फाटणार तर तिथेच फाटतात. दहा प्लायचे, म्हणजे दहा थरांचे, बाजूला केले, चौदाचे काढायला लावले. फार रुंद नकोत, उंच हवेत. हवा कमी केली की पसरले पाहिजेत, उंटाच्या पायासारखे. एक जोडी नखाने खरवडली आणि म्हणालो, हे उन्हात पडून होते, रबर सुकलंय, आतले दाखव. गुबो हसला. म्हणाला, "बोनाया, तुला फसवायचं तर मला दुसरा जन्म घ्यावा लागेल." एक चाक चढवलं, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून बघितलं — मडगार्डला घासत होतं. आतली पट्टी कापायला लावली. स्टेपनीही त्याच मापाची घ्यायला लावली. चार मोठे आणि पाचवा लहान असला तर ती स्टेपनी नाही, शोभा.

शेवटी जे पाच ठरले ते बघत उभा राहिलो. माझ्या गाडीला मी हेच घेतले असते. अगदी हेच. आणि ते मी माझ्या हाताने त्याच्या गाडीला लावून दिले!

इसाको तोवर तालासोला ओढणी घ्यायला बाजारात गेलेला. गुबो नट आवळता आवळता म्हणाला, "एक त्याला सांगून ठेव हं. चाक मोठं झालं, आता एका फेऱ्यात जास्त वाट कापणार. मीटर फेरे मोजतो, वाट नाही. शंभर किलोमीटर गेला तर हा ब्याण्णव-त्र्याण्णवच दाखवेल."

"सांगतो," म्हणालो.

परतताना सांगणारच होतो. दोनदा तोंड उघडलं. पण तो सैन्यातल्या पाचशे माणसांच्या जेवणाची गोष्ट सांगत होता आणि ती संपतच नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

नाही सांगणार.

काल इसाकोने गाडी मैकोनाच्या मधोमध आणून उभी केली तेव्हा अर्धं गाव गोळा झालं. बायका, म्हातारे, शेळ्यासुद्धा. लोक टायरवरून हात फिरवत होते. कुणीतरी विचारलं, "इसाको, कुणी निवडले रे?" मी तिथेच उभा होतो, चार हातांवर. पाण्याचा डबा उतरवत होतो.

"मीच," तो म्हणाला. "सैन्यात असल्या गाड्या खूप बघितल्यात."

मीच!! 

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज आबांनी टायरांना आशीर्वाद दिला. आबा म्हणजे अदानो, आमचा दोघांचा सासरा. कॉफीची बोंडं तुपात तळली, ती आधी वडीलधाऱ्यांमध्ये फिरवली, मग आबा वाडग्यात उंटिणीचं दूध घेऊन गाडीभोवती फिरले आणि पाचही टायरांवर शिंपडलं. स्टेपनीलासुद्धा! "वाट जवळ येवो," म्हणाले. सगळे म्हणाले, "येवो."

मीही म्हणालो. दात आवळून का होईना.

माझ्या गाडीवर आबांनी दूध शिंपडलं होतं त्याला दहा वर्षं झाली. ते टायर आता उंटांना पाणी पाजायच्या डोणी झालेत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज हसून हसून पोट दुखलं — आतल्या आत.

इसाको मार्साबिटहून आला तो ओरडतच उतरला. "वाट आखूड झाली! आखूड झाली!" लोकांना गाडीपाशी ओढून मीटर दाखवत होता. पूर्वी मार्साबिट ते मैकोना शंभर भरायचे. आज ब्याण्णव! "आबांच्या दुधाचा गुण! वाट जवळ येवो म्हणाले ना — आली!"

आणि लोकांनी मान डोलावली. आबांनीही. वयाच्या ऐंशीव्या वर्षी आपल्या शब्दाने आठ किलोमीटर जमीन गिळली म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? माझ्याकडे वळून म्हणाले, "बोनाया, तू शिकलेला. तुझं काय मत?"

काय सांगू? सगळ्यांसमोर आबांचं दूध खोटं पाडू? "असेल," म्हणालो.

खरं कारण अख्ख्या मैकोनात एकट्या मला माहीत आहे. खिशात गूळ ठेवल्यासारखं वाटतं. मधूनच हात लावून बघतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रवासी चालले. रोज माझ्या गाडीच्या मागच्या हौद्यात बारा-पंधरा माणसं असायची. काल सात, आज चार आणि एक बोकड. मिशनच्या शाळेजवळ दोन्ही गाड्या उभ्या असतात आणि लोक माझ्या नजरेला नजर न देता पलीकडे जातात. एक म्हातारी तर माझ्या गाडीत चढलेली उतरली! म्हणाली, "तिकडे वाट आखूड आहे म्हणे, बाबा."

त्यात सासूबाई. त्यांचं नाव आम्ही जावई घेत नाही, इथेही लिहीत नाही. त्या जावयाशी तोंडाने बोलत नाहीत, पाठ करून बसतात. पण त्यांना सांगायचं ते सांगतातच — शेळीला. आज आमच्या अंगणात पाठ करून बसल्या आणि शेळीला म्हणाल्या, "बघ गं, माझ्या धाकटीचं नशीब. उंच बसते, राणीसारखी. थोरलीच्या कमरेची मात्र वाट लागली खड्ड्यांनी."

शेळीने कान हलवला. गुमातो हसली. ती हसली ते लागलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आबा उंट घेऊन उत्तरेला गेलेत, काळ्या दगडांच्या पट्ट्यापलीकडे. तिथे चारा आहे, पाणी नाही. उंट काढतील दिवस. माणसं, करडं आणि उंटांची पिल्लं काढणार नाहीत. दर आठ-नऊ दिवसांनी गाडीने पाणी न्यायचं. हे काम नऊ वर्षं माझं. त्या कळपात माझेही अकरा उंट आहेत, इसाकोचे तीन.

आज पहिली खेप केली. पाच पिंपं. नॉर्थ हॉरच्या वाटेने मीटरवर सत्तर, मग वाट सोडून डावीकडे, बारा. पूर्वी वळणावर एक बाभूळ होती. गेल्या वर्षी वाऱ्याने गेली. आता तिथे काही नाही. पुढे-मागे, डावी-उजवीकडे सगळं पांढरं सपाट, दुपारी नुसतं पाणी असल्यासारखं लखलखतं. या दिवसांत वारा धूळ उठवतो तेव्हा डोंगरही दिसत नाही. फक्त मीटर. वहीत लिहून ठेवलं: आबांचा तळ — ७० डावीकडे, १२.

येताना मागचा टायर फुटला. स्टेपनी लावली, तीही पंधरा किलोमीटरवर बसली. रिमवर लंगडत आलो. गावाच्या तोंडाशी इसाको भेटला. थांबला, उतरला, हवा भरायचा पंप काढून दिला. एक शब्द लागेलसा बोलला नाही. त्यापेक्षा बोलला असता तर!

२६ फेब्रुवारी, बुधवार

वडीलधारे बसले. पाण्याची खेप इसाकोला दिली. कारण सरळ आहे: तो आठ पिंपं नेतो, मी पाच. त्याचे टायर फुटत नाहीत, माझे फुटतात. "बोनाया, मनाला लावून घेऊ नकोस. तुझी गाडी आता थकली."

गाडी थकली म्हणे. माझ्याकडे बघून म्हणाले, गाडीकडे नाही.

आणि ते टायर कुणी निवडले? उन्हात सुकलेले कुणी परत पाठवले? चिखलाचे घेऊन हा आला असता तर आज आठ पिंपं नसती, आठ फावडी लागली असती! पण हे बोलणार कुठे? साडूचा हेवा करतो म्हणतील. करतोच. झोपताना करतो, उठल्यावर करतो. त्याच्या गाडीचा आवाज ऐकला की घास गिळवत नाही.

१ मार्च, शनिवार

गुमातोने इसाकोच्या गाडीत बसून बघितलं. नुसतं, उभ्या गाडीत. तालासोने बसवलं. उतरताना म्हणाली, "खरंच उंच आहे हो."

४ मार्च, मंगळवार

संध्याकाळी इसाको आला. उद्या पहाटे पाणी घेऊन निघतोय. "दादा, आबांचा तळ कितीवर?"

वही त्याच्यासमोर उघडली. सत्तर, डावीकडे, मग बारा. त्याला वाचता फारसं येत नाही, म्हणून मोठ्याने सांगितलं. त्याने दोनदा घोकलं. "सत्तर. डावीकडे."

"सत्तर," म्हणालो.

खोटं एक अक्षर नाही. माझ्या वहीत सत्तरच आहेत! त्याच्या मीटरवर सत्तर होतील तेव्हा तो साडेपाच किलोमीटर पुढे गेलेला असेल, हे मला माहीत आहे. त्याला माहीत नाही. जाईल थोडा पुढे, गोंधळेल, फिरेल, दुपारपर्यंत शोधेल. तळावरची माणसं हसतील. परत येऊन म्हणेल — दादा, तुम्हीच न्या. बस, एवढंच हवंय. एक दिवस फजिती.

तो उठताना दूध ठेवून गेला, एक मोठी कासंडी. तालासोने पाठवलं म्हणे.

५ मार्च, बुधवार

गुमातो त्याच्याबरोबर गेली!

मी पहाटे विहिरीवर होतो. परत आलो तर घर रिकामं. शेजारीण म्हणाली, आबांसाठी कॉफी आणि तूप घेऊन गेली, संध्याकाळी येते म्हणाली. "काय ऐटीत बसली होती पुढे!"

मला न सांगता. त्या उंच सीटवर. त्याच्या शेजारी.

अंगाची नुसती लाही होतेय. आणि त्याखाली आणखी काहीतरी आहे, ते लिहीत नाही.

रात्र झाली. आले नाहीत. राहिले असतील तळावर. आबांनी बोकड कापला असेल. इसाकोने शिजवला असेल — त्यात तर तो वस्ताद! गुमातो म्हणत असेल, काय चव आहे.

६ मार्च, गुरुवार

आज दिवसभर धूळ. आले नाहीत. तालासो तीनदा येऊन गेली. "दादा, बघून येता का?" मी म्हणालो, "सैनिक आहे तो. येईल. आठ पिंपं पाणी आहे बरोबर, तहानेने थोडाच मरणार?"

ती गेल्यावर उमगलं. त्याच्याकडे पाणी आहे. आबांकडे नाही.

माझ्याकडे तीनच धड टायर शिल्लक. दोन ठिगळं लावायला टाकलेत, उद्या सकाळी मिळतील. लवकर मागायला गेलो नाही. का गेलो नाही?

८ मार्च, शनिवार

काल लिहायचं त्राण नव्हतं.

काल उजाडताच तळावरून कटेलो चालत आला. आबांचा पुतण्या. दीड दिवस चालला. ओठ फुटलेले, जीभ जड. एवढंच म्हणाला, "पाणी आलं नाही."

ठिगळाचे टायर चढवले, दोन पिंपं, फावडं, फळ्या. आयुष्यात एवढी जोरात गाडी हाकली नाही. सत्तर आले. समोर वळण — म्हणजे काहीच नाही, पण मला कळतं. थांबलो नाही. काचेतून बघितलंसुद्धा नाही. साडेपंचाहत्तरावर डावीकडे घातली आणि दोनशे पावलांवर त्याच्या टायरची नक्षी दिसली. मीच निवडलेली नक्षी. अंधारातही ओळखीन.

चार किलोमीटर आत होते. तिथे वरून मिठाची पापडी आणि खाली लगदा. लहान टायर असते तर कडेलाच रुतला असता आणि चालत वाटेवर आला असता. हे मोठे, तरंगणारे! त्याला पार मध्यापर्यंत घेऊन गेले आणि मग बसले. आबांचं पाणी सोडून जायला तयार नव्हता, दोन दिवस खणत होता. हात सोललेले. पिंपं उतरवून ठेवली होती, एक थेंब सांडला नव्हता. गुमातो गाडीच्या सावलीत बसलेली. मला बघून उठली, तोल गेला, परत बसली.

इसाको धावत आला आणि माझ्या गळ्यात पडला. पन्नाशीचा माणूस, रडत होता. "दादा, कुणी शोधूच शकलं नसतं! तुम्ही एका दमात आलात!"

हवा काढली, फळ्या घातल्या, तीन तासांत गाडी वर आली. मग तळ. आबा जिवंत आहेत. देवा, आबा जिवंत आहेत. सावलीत आडवे होते. उरलेलं पाणी त्यांनी बायकांना आणि गुराख्यांना द्यायला लावलं होतं, स्वतः दोन दिवस फक्त ओठ ओले केले. दूध आटलं होतं. सतरा करडं गेली. उंटांची तीन पिल्लं — दोन माझी, एक इसाकोचं.

आबांनी वाडग्यातून पाणी घेतलं आणि पहिला घोट बोटांनी माझ्या टायरवर शिंपडला. माझ्या! ठिगळांच्या! मला तिथे उभं राहवेना.

सगळं तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं नाही.

९ मार्च, रविवार

गावात माझंच नाव. बोनायाने चाल्बीत सुई शोधली म्हणे. म्हाताऱ्यांनी कॉफीची बोंडं आधी मला दिली. सासूबाई पाठ करून शेळीला म्हणाल्या, "थोरला तो थोरलाच गं."

इसाको सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझी. बोलण्याच्या नादात मीटर बघायला चुकलो असणार."

गुमातो कोपऱ्यात कॉफी दळत होती. हात न थांबवता म्हणाली, "नाही चुकलास. मी पण बघत होते. सत्तर होते."

"धुळीत काय दिसणार?" मी म्हणालो. जरा जोरातच.

ती दळत राहिली. घरी आल्यावर एवढंच विचारलं, "आम्हाला शोधायला किती वेळ लागला तुम्हाला?" म्हणालो, "बराच." तिने मान हलवली आणि चूल पेटवायला गेली.

१० मार्च, सोमवार

इसाको आला. गाडीची किल्ली माझ्यापुढे चटईवर ठेवली.

"गाडी माझी, दादा. पण पाण्याची खेप तुम्ही चालवा. गुमातोताईला घेऊन गेलो आणि... त्या करडांचा आवाज कानातून जात नाही. माझी नजर या कामाची नाही. मी शेजारी बसतो, शिकतो. तुम्ही शिकवाल ना?"

नको म्हणायला हवं होतं. आधी सांगायला हवं होतं, मग किल्ली. दोन्ही कळत होतं. हाताने किल्ली उचलली.

संध्याकाळी एकटा जाऊन बसलो त्या सीटवर. उंच आहे. खरंच फार उंच आहे. सगळं मैकोना दिसतं. मला लाज वाटली पाहिजे होती. वाटलीही. पण उतरलो नाही, बराच वेळ.

त्याला उद्या-परवा हळूच सांगेन की वहीतला आकडा जुना होता, मी चुकलो होतो. तेवढंच. त्याला पटेल. त्याला माझं सगळंच पटतं.

१२ मार्च, बुधवार

आज त्याच्या गाडीने पाणी नेलं. मी चालवत होतो, इसाको शेजारी. आठ पिंपं भरलेली, तरी अशी चालली की तोंडात गाणं आलं. खूश होतो. एवढा खूश की बाकी काही ध्यानातच राहिलं नाही. त्याच्या मीटरच्या पासष्टावर, वेगही कमी न करता, डावीकडे वळलो.

इसाकोने मीटरकडे बघितलं. मग मागे, सुटलेल्या वाटेकडे. मग परत मीटरकडे.

"दादा," तो म्हणाला, "मला सत्तर सांगितलं होतंत."

मी समोर बघत गाडी हाकत राहिलो. पाणी पोचलं. येताना तो शेजारी बसला नाही. स्वतःच्याच गाडीत, मागे हौद्यात, रिकाम्या पिंपांमध्ये बसून आला.